‘टाइम’चं फ्रेंच करायचंय? आधी मराठीत विचारा

इंग्रजी-फ्रेंच शब्दकोशात ‘टाइम’ शोधला की पहिल्या ओळीत ‘ताँ’ हा शब्द दिसतो आणि बरेच जण तिथेच कोश मिटतात. मग घड्याळाकडे बोट दाखवून ‘केल ताँ...’ अशी प्रश्नाची सुरुवात होते, आणि समोरच्या फ्रेंच माणसाला वाटतं की आपण हवेबद्दल विचारतोय. कारण ‘ताँ’ म्हणजे हवामानसुद्धा. दोष कोशाचा नसतो. त्याच नोंदीत खाली ‘अर’ असतो, ‘फ्वा’ असतो, ‘मोमाँ’, ‘एपोक’, ‘देले’ असे आणखी शब्द असतात. एकट्या ‘टाइम’ने इंग्रजीत जी कामं होतात ती फ्रेंचने पाच-सहा शब्दांत वाटून टाकली आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

मराठी माणसाची यात एक सोय आहे, पण ती आपण वापरत नाही. अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेलं असो, पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये शिकत असू किंवा कॅनडाच्या तयारीसाठी परीक्षा द्यायची असो, आपलं फ्रेंच येतं ते बहुधा इंग्रजीच्या दारातून. पुस्तकातले अर्थ इंग्रजीत, शिक्षकांचं स्पष्टीकरण इंग्रजीत. पण ‘टाइम’पुरतं बोलायचं तर इंग्रजीने एकत्र बांधलेलं गाठोडं मराठीने आधीच सोडलेलं आहे, आणि तेही जवळपास फ्रेंच सोडते तसंच. म्हणून या लेखातली पद्धत अशी: इंग्रजी वाक्य आलं की थेट फ्रेंचकडे धावायचं नाही, मध्ये मराठीत थांबायचं. आणि मराठी कुठे दगा देते तेही ठाऊक असू द्यायचं.

लिपीबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. फ्रेंच शब्द इथे देवनागरीत, कानाला साधारण जसे ऐकू येतात तसे लिहिले आहेत. ‘ताँ’च्या स्पेलिंगमध्ये शेवटी पी आणि एस असतात, दोन्ही गप्प. ‘अर’ची सुरुवात एचने होते, तोही गप्प, आणि त्यातला स्वर आपल्या ‘अ’पेक्षा जरा गोल ओठांचा. अचूक उच्चार कोशातल्या ध्वनिफितीवरून घ्यावेत.

पहिली पायरी: तीन प्रश्न

इंग्रजी वाक्यातल्या ‘टाइम’वर बोट ठेवा आणि विचारा, याचं उत्तर कोणत्या मराठी प्रश्नाला लागू पडतं?

किती वेळ? असेल तर ‘ताँ’.
किती वाजता, किंवा कशाची वेळ? असेल तर ‘अर’.
किती वेळा, कितवी खेप? असेल तर ‘फ्वा’.

रोजच्या वापरातली बरीचशी वाक्यं इथेच निकालात निघतात. ‘आय डोन्ट हॅव टाइम’ हे ‘किती वेळ’चं उत्तर; म्हणून ‘झ ने पा ल ताँ’. ‘व्हॉट टाइम इज इट’ म्हणजे किती वाजले. म्हणून ‘केल अर एतील’. ‘थ्री टाइम्स अ डे’ म्हणजे दिवसातून तीन वेळा. म्हणून ‘त्र्वा फ्वा पार झूर’. औषधाच्या चिठ्ठीवर हेच लिहिलेलं असतं.

मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांना ही वाटणी शिकवावी लागत नाही. तिथल्या क्रिओल भाषेत हेच तीन शब्द ‘लेताँ’, ‘लेर’ आणि ‘फ्वा’ असे आहेत. पहिल्या दोघांना फ्रेंच उपपद कायमचं चिकटून बसलंय, एवढाच फरक.

दुसरी पायरी: ‘वेळ’चं लिंग तपासा

प्रश्न लावूनही गोंधळ उरला, तर मराठी वाक्य पूर्ण बोला आणि ‘वेळ’ गेला की गेली ते ऐका. ‘माझा खूप वेळ गेला’, ‘वेळ मिळाला तर येतो’, ‘केवढा वेळ लावलास’ यांतला पुल्लिंगी वेळ हा साठ्यासारखा आहे. तो असतो, पुरतो, संपतो. हा ‘ताँ’, आणि तोही फ्रेंचमध्ये पुल्लिंगीच. ‘गाडीची वेळ झाली’, ‘ही काय यायची वेळ आहे?’ यांतली स्त्रीलिंगी वेळ ठरलेल्या बिंदूची. ही ‘अर’, तीही स्त्रीलिंगी. तिसरी ‘वेळा’, म्हणजे खेपा: दोन वेळा, दर वेळी, या वेळी. ही ‘फ्वा’, आणि तीही स्त्रीलिंगी. लिंगं जुळतात हा निव्वळ योगायोग आहे, त्यात भाषाशास्त्र शोधायला जाऊ नये. पण पाठांतराला उपयोगी पडतो, म्हणून बिनधास्त वापरावा.

ही कसोटी एका ठिकाणी फसते. विभक्तीचा प्रत्यय लागला की मराठी सैल होते. ‘वेळेची बचत’, ‘वेळेचं नियोजन’ यांत रूप स्त्रीलिंगी दिसतं, पण अर्थ साठ्याचा आहे. म्हणून सामान्यरूपावर भरवसा ठेवू नका. वाक्य फिरवून ‘वेळ’ मोकळा करा. ‘वेळ वाचवला’ की ‘वाचवली’? वाचवला. म्हणजे ‘ताँ’: ‘गान्ये द्यू ताँ’. फ्रेंच माणूस वेळ वाचवत नाही, कमावतो किंवा जिंकतो, हे जाता जाता लक्षात ठेवा. वाया मात्र आपल्यासारखाच घालवतो: ‘पेर्द्र द्यू ताँ’.

‘ताँ’: उपपदाकडे लक्ष

‘ताँ’ निवडला की काम संपत नाही, कारण त्याच्या आधी काय येतं त्यावर अर्थ हलतो. ‘झे ल ताँ’ म्हणजे या कामापुरता वेळ माझ्याकडे आहे. घाई नाही, बोला. ‘झे द्यू ताँ’ म्हणजे थोडा मोकळा वेळ हाताशी आहे. इंग्रजीत दोन्हीकडे नुसतं ‘आय हॅव टाइम’ चालून जातं. प्रमाण सांगणारा शब्द आला की ‘द्यू’ गळून ‘द’ उरतो: ‘बोकू द ताँ’ पुष्कळ वेळ, ‘प्यू द ताँ’ थोडाच वेळ, ‘कोंब्यें द ताँ’ किती वेळ. परीक्षेत इथे हमखास गुण जातात.

हवामानाशी होणारी टक्कर क्रियापदाने टळते. ‘फेर’ हे क्रियापद सोबत असेल तर हवा: ‘केल ताँ फेतील’ म्हणजे बाहेर हवा कशी आहे. ‘पासे’ (घालवणं), ‘आव्वार’ (जवळ असणं), ‘प्रांद्र’ (घेणं) असतील तर वेळ. आणि व्याकरणाच्या पुस्तकात ‘ताँ’ दिसला तर तो क्रियापदाचा काळ, म्हणजे इंग्रजीतला ‘टेन्स’. तिथे आपणही ‘काळ’च म्हणतो, तेव्हा हे पचायला जड नाही.

‘इट टुक मी टू अवर्स’ यासाठी फ्रेंच एक निराळं क्रियापद वापरते: ‘मेत्र’, म्हणजे ठेवणं, घालणं. ‘झे मी दझर’, मी दोन तास घातले. मराठीतही आपण कामात वेळ घालतो, त्यामुळे ‘मला दोन तास लागले’ या वळणापेक्षा ‘मी दोन तास घातले’ हे डोक्यात धरलं तर फ्रेंच वाक्य आपोआप नीट बसतं. माणूस कर्ता नसेल तर ‘सा प्राँ द्यू ताँ’, याला वेळ लागतो.

‘लाँग टाइम’साठी विशेषण जोडायला जाऊ नका. त्यासाठी तयार शब्द आहे: ‘लोंताँ’. ‘दप्वी लोंताँ’ म्हणजे बऱ्याच दिवसांपासून. या ‘दप्वी’सोबत क्रियापद वर्तमानकाळात येतं. इंग्रजी ‘हॅव बीन लिव्हिंग’ म्हणते, फ्रेंच ‘झाबीत इसी दप्वी लोंताँ’ म्हणते, आणि मराठीत आपण ‘मी इथे कधीपासून राहतोय’ असं वर्तमानातच बोलतो. इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ डोक्यात घेऊन फ्रेंच लिहिणारा इथे चुकतो. मराठीतून येणारा चुकण्याचं कारण नाही.

‘अर’: वाजले किती आणि लागले किती

‘अर’मध्ये खरा सापळा वेगळाच आहे. आपल्याकडे ‘दोन वाजता’ आणि ‘दोन तास’ हे वेगळे शब्द. फ्रेंचमध्ये दोन्ही ‘दझर’. फरक करतं ते फक्त आधीचं शब्दयोगी. म्हणून हा गट एकदाच नीट पाठ करावा:

‘आ दझर’ – दोन वाजता
‘वेर दझर’ – दोनच्या सुमारास
‘पाँदाँ दझर’ – दोन तास, सलग
‘आँ दझर’ – दोन तासांत (काम उरकलं)
‘दाँ दझर’ – दोन तासांनी, आतापासून
‘इल या दझर’ – दोन तासांपूर्वी

आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे ‘आ दझर द पारी’: पॅरिसपासून दोन तासांच्या अंतरावर. इथे ‘आ’ आला म्हणून ‘दोन वाजता’ समजू नका. मागे ‘द’ आणि ठिकाणाचं नाव आलं की ते अंतर. ‘आँ’ आणि ‘दाँ’ यांची अदलाबदल तर इतकी होते की मेकॅनिकने गाडी ‘दोन तासांत दुरुस्त केली’ की तो ‘दोन तासांनी करणार आहे’ हेच उलटं होऊन बसतं.

लिहिताना वेळ २४ तासांच्या पद्धतीने लिहायची सवय ठेवा: दुपारचे अडीच म्हणजे १४, मग एच हे अक्षर, मग ३०. रेल्वे, दवाखाना, सरकारी पत्र, सगळीकडे हेच. बोलताना मात्र मित्रांमध्ये १२ तासांचं घड्याळ चालतं. दोन्ही मिसळू नयेत: चौदा म्हटलंत तर पुढे ‘तीस’ म्हणा, ‘ए दमी’ म्हणजे ‘साडे’ हे फक्त १२ तासांच्या बोलीत शोभतं.

जेवणाची वेळ, झोपायची वेळ, गर्दीची वेळ, सगळ्यांना ‘अर’: ‘लर द्यू देझने’, ‘लर द्यू कूशे’, ‘लेझर द प्वेंत’. (क्युबेक, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये दुपारच्या जेवणाला ‘दीने’ म्हणतात, जे पॅरिसमध्ये रात्रीचं जेवण. आमंत्रण आलं तर घड्याळाचा आकडा विचारून घेणंच शहाणपणाचं.)

आपली म्हण आहे, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. अपघातातून वाचलेल्या माणसाबद्दल इंग्रजी ‘हिज टाइम हॅड नॉट कम’ म्हणेल आणि विद्यार्थी ‘ताँ’ लिहील. मराठीत आली नव्हती ती स्त्रीलिंगी वेळ, म्हणून फ्रेंचमध्येही ‘अर’: ‘सोंनर नेते पा वन्यू’. मृत्यूची ठरलेली घटका.

वेळेवर आणि वेळेत

‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ या जोडीवर इंग्रजी शिकवतानाच इतका घोळ होतो की फ्रेंचपर्यंत यायची ताकदच उरत नाही. फ्रेंच भेद स्वच्छ आहे. ‘आ लर’ म्हणजे ठरलेल्या वेळेला, घड्याळाप्रमाणे. गाडी ‘आ लर’ असते, कर्मचारी ‘आ लर’ येतो. ‘आ ताँ’ म्हणजे उशीर होण्याआधी, अनर्थ टळेल इतक्यात. अग्निशामक दल ‘आ ताँ’ पोचतं. त्याला वेळापत्रक नसतं. मराठीत पहिलं वेळेवर, दुसरं वेळेत. बोलताना आपण ‘तू अगदी वेळेवर आलास, नाहीतर पडलो असतो’ असंही म्हणतो, तेव्हा शब्दाकडे न बघता ‘काही ठरलं होतं का?’ एवढं विचारा. ठरलं नव्हतं, तर ‘आ ताँ’.

तसाच फरक ‘इट्स टाइम टू गो’मध्ये. ‘से लर द पार्तीर’ म्हणजे निघायची ठरलेली वेळ झाली. ‘इल ए ताँ द पार्तीर’ म्हणजे आता निघायला हवं, फार झालं. जोर हवा असेल तर ‘इल ए ग्राँ ताँ’. आणि ‘तू आता निघायला हवंस’ असं दुसऱ्याबद्दल असेल तर पुढे ‘क’ येतो आणि क्रियापद सब्जाँक्तीफमध्ये, म्हणजे इच्छा, गरज, शंका दाखवणाऱ्या रूपात जातं: ‘इल ए ताँ क त्यू पार्त’. बी-१ पातळीपर्यंत (भाषापरीक्षांच्या युरोपीय मापातली मधली पायरी) हे कुणी फार विचारत नाही, पुढे नक्की विचारतात.

‘फ्वा’: मोजता येणारी वेळ

आकडा, क्रमवाचक किंवा ‘दर’, ‘या’, ‘मागच्या’ असे शब्द ‘टाइम’ला चिकटले की ‘फ्वा’. ‘ला प्रम्येर फ्वा’ पहिल्यांदा, ‘ला देर्न्येर फ्वा’ मागच्या वेळी, ‘शाक फ्वा’ दर वेळी, ‘सेत फ्वा’ या वेळी. गुणाकारही यानेच: ‘त्र्वा फ्वा कात्र’ बारा. परीकथेची सुरुवात यानेच: ‘इल एतेत्यून फ्वा’, आपलं ‘एक होता राजा’च्या जागेवरचं.

‘पार्फ्वा’ म्हणजे कधीकधी, एकच शब्द. ‘ऊन फ्वा क’ म्हणजे एकदा का: ‘ऊन फ्वा क स सरा फीनी’, एकदा का हे संपलं. इथे इंग्रजीच्या ‘वन्स’मधून जाण्यापेक्षा मराठीच्या ‘एकदा का’मधून गेलं तर हात-पाय मारावे लागत नाहीत.

‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव कम हिअर’ या वाक्यात दोन चुका एकदम होतात. फ्रेंच वाक्य: ‘से ला प्रम्येर फ्वा क झ व्येँ इसी’. काळ वर्तमान, कारण माणूस आत्ता आलेला आहे. ‘मी इथे पहिल्यांदाच येतोय’ हे मराठी जसंच्या तसं. दुसरी गोष्ट, जोडणारा शब्द ‘क’. ‘फ्वा’नंतर ‘क’ येतो, पण ‘मोमाँ’ आणि ‘एपोक’ यांच्यानंतर ‘ऊ’ येतो, जो एरवी ‘कुठे’ या अर्थाने शिकवलेला असतो: ‘ल मोमाँ ऊ’, ज्या क्षणी; ‘लेपोक ऊ’, ज्या काळी. इंग्रजी ‘द टाइम व्हेन’ बघून ‘काँ’ लिहिण्याचा मोह होतो. लिहू नये.

‘फ्वा’च्या स्पेलिंगबद्दल इतकंच: शेवटी एस हवाच, एकवचनातही. एसच्या जागी ई लावलात तर ते यकृत होतं, आणि काहीच लावलं नाही तर श्रद्धा. उच्चार तिन्हींचा एकच.

‘अ‍ॅट द सेम टाइम’: एक इंग्रजी, चार फ्रेंच

या एका शब्दसमूहावर थोडं थांबायला हवं, कारण भाषांतर बघून कुणाचं फ्रेंच किती मुरलंय ते इथे कळतं.

दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतील तर ‘आँ मेम ताँ’: ती गाते आणि त्याच वेळी पेटी वाजवते. दोन गुण एकाच ठिकाणी असतील तर ‘आ ला फ्वा’: घर मोठंही आहे आणि उबदारही. इथे मराठीत ‘वेळ’ येतच नाही, ‘ही... ही’ येतं, तीच खूण समजा. ठरलेला आकडा तोच असेल तर ‘आ ला मेम अर’: उद्याही याच वेळेला भेटू. आणि एका क्षणी दुसरं काही घडलं असेल तर ‘ओ मेम मोमाँ’: मी दार उघडलं आणि त्याच क्षणी फोन वाजला.

यातलं ‘आँ मेम ताँ’ बोलीत ‘पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर’ अशा अर्थानेही येतं. २०१७ च्या निवडणुकीत एमान्युएल माक्राँ हे इतक्यांदा म्हणत की ते शब्द त्यांच्या राजकारणाचं टोपणनावच होऊन बसले. फ्रेंच वर्तमानपत्रात हे अवतरणचिन्हांत दिसलं तर घड्याळाशी संबंध नाही, इतकं ओळखा.

उरलेले शब्द झटपट

‘इन दोज टाइम्स’, ‘शिवाजी महाराजांच्या काळात’ असं असेल तर ‘एपोक’. ‘आ लेपोक’ म्हणजे त्या काळी. हे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गोष्टीलाही चालतं, इतिहासच हवा असं नाही.

‘हॅव अ गुड टाइम’ला ‘बों ताँ’ करू नका. ‘पासे अँ बों मोमाँ’, किंवा सरळ क्रियापद ‘साम्यूझे’. जाणाऱ्याला ‘मजा करा’ म्हणायचं तर ‘आम्यूझे वू ब्यें’.

‘देले’ हा कामाच्या जगातला शब्द: एखादं काम व्हायला दिलेली किंवा लागणारी मुदत. कॅनडाच्या स्थलांतर खात्याच्या इंग्रजी पानावर ‘प्रोसेसिंग टाइम्स’ असतं तिथे फ्रेंच पानावर ‘देले द त्रेतमाँ’ असतं. इंग्रजी ‘डिले’सारखा दिसतो म्हणून ‘उशीर’ समजलात तर फसाल. उशीर म्हणजे ‘रतार’, आणि ‘साँ देले’ म्हणजे ‘उशीर न होता’ नव्हे, ‘ताबडतोब’.

वेळापत्रक गाड्यांचं, दुकानाचं असेल तर ‘ओरेर’, शाळेचं असेल तर ‘आँप्ल्वा द्यू ताँ’. ‘टाइम झोन’ला ‘फ्यूझो ओरेर’. दोन देशांच्या वेळेतला फरक ‘देकालाझ ओरेर’, आणि विमानप्रवासानंतरची झोपेची उलथापालथ तीही ‘देकालाझ ओरेर’. फुटबॉलचं मध्यंतर ‘मी-ताँ’. अर्धवेळ नोकरी असेल तर तिलाही ‘आ मी-ताँ’. ओव्हरटाइम ‘अर स्युप्लेमाँतेर’. सॉफ्टवेअरचं स्थानिकीकरण करणाऱ्यांसाठी: ‘टाइमस्टँप’ला ‘ओरोदाताझ’, ‘रिअल टाइम’ला ‘ताँ रेएल’, आणि पडद्यावरच्या ‘टाइमआउट’ला ‘ताँ मोर’ नव्हे (ते बास्केटबॉलचं), तर ‘देले’ घेऊन केलेली रचना.

कधी शब्दच गाळायचा

‘बाय द टाइम वी रीच्ड’ याचं मराठी काय? ‘आम्ही पोचेपर्यंत’. नाम गेलं, क्रियापदाने काम केलं. फ्रेंचकडेही ‘ल ताँ क’ अशी रचना आहे, पुढे सब्जाँक्तीफ. किंवा सरळ ‘काँ’ने वाक्य सुरू करून पुढच्या क्रियापदाला ‘आधीच झालेलं’ असा काळ द्यायचा. ‘टेक युवर टाइम’ला ‘प्रने वोत्र ताँ’ चालतं, पण ‘ही डिड टाइम’ म्हणजे तुरुंगवास. तिथे ‘ताँ’ लावलं तर हसं होईल. ‘लाँग टाइम नो सी’ला ‘सा फे लोंताँ’ पुरे. सवय अशी लावा: मराठीत बोलताना ‘वेळ’, ‘वेळा’, ‘काळ’ यांपैकी काहीच तोंडात आलं नाही, तर फ्रेंचमध्येही नाम टाळता येईल का ते आधी बघा.

पडताळा कसा घ्यायचा

भाषांतर करणाऱ्या यंत्राला एकटा शब्द कधी देऊ नका. पूर्ण वाक्य द्या, जमल्यास आधीचं-नंतरचंही. तरी उत्तर अंतिम मानायचं नाही. निवडलेला फ्रेंच शब्द उलटा शोधा: फ्रेंच-इंग्रजी बाजूला त्याच्या नोंदीत तुमचा अर्थ आहे का? मग फ्रेंच-फ्रेंच कोश उघडा. लारूस आणि रोबेर सोपे पडतात. खोलात जायचं तर नाँसीच्या सीएनआरटीएल या भाषा-संसाधन केंद्राच्या संकेतस्थळावर ‘त्रेझॉर’ हा प्रचंड कोश फुकट वाचता येतो. ‘लिंगी’सारख्या संकेतस्थळांवर इंग्रजी-फ्रेंच वाक्यांच्या जोड्या मिळतात, पण तिथली बरीच फ्रेंच वाक्यं स्वतःच भाषांतरित असतात, म्हणून मूळ कोणत्या भाषेत लिहिलं गेलं ते बघा. कार्यालयीन आणि तांत्रिक शब्दांना कॅनडा सरकारचं ‘टर्मियम’ आणि युरोपीय संघाचं ‘इआटे’ हे ऑनलाइन परिभाषासंग्रह जास्त भरवशाचे. क्युबेकच्या भाषा-कार्यालयाचा पारिभाषिक कोशही चांगला, मात्र त्यातला शब्द फ्रान्समध्ये चालतोच असं नाही.

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यांत कामाची तपासणी: तयार झालेला तुकडा अवतरणचिन्हांत घालून फक्त फ्रेंच पानांवर शोधा. फ्रान्समधल्या वर्तमानपत्रांत, नगरपालिकांच्या पानांवर तो तसाच सापडला तर ठीक. सापडले ते सगळे परदेशी विद्यार्थ्यांचे निबंध असतील, तर पुन्हा पहिल्या पायरीवर या.

एक पत्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, पुण्याहून लिओंच्या सहकाऱ्याला हे इंग्रजी पत्र फ्रेंचमध्ये पाठवायचं आहे: ‘लास्ट टाइम आय केम टू लिओं, आय हॅड अ ग्रेट टाइम. धिस टाइम आय वोन्ट हॅव मच टाइम. व्हॉट टाइम डझ युवर ऑफिस क्लोज? बाय द टाइम माय ट्रेन अराइव्ह्ज, इट विल बी फाइव्ह. द टाइम डिफरन्स ऑल्वेज कन्फ्यूजेस मी.’

पहिलं वाक्य मराठीत: मागच्या वेळी लिओंला आलो तेव्हा मजा आली. ‘मागच्या वेळी’ ही खेप, म्हणून ‘फ्वा’, आणि त्यानंतर ‘क’. ‘मजा आली’त वेळ नाहीच, म्हणून ‘मोमाँ’: ‘ला देर्न्येर फ्वा क झ स्वी वन्यू आ लिओं, झे पासे अँ त्रे बों मोमाँ’. मुक्काम आठवडाभराचा असेल तर ‘मोमाँ’ तोकडा पडतो; ‘सेझूर’ घ्या.

दुसरं: या वेळी फार वेळ नसेल. आधी खेप, मग साठा: ‘सेत फ्वा, झ नोरे पा बोकू द ताँ’. ‘बोकू’नंतर ‘द’, आठवतंय ना.

तिसरं: ऑफिस किती वाजता बंद होतं? ‘आ केल अर फेर्म वोत्र ब्यूरो’. सुरुवातीचा ‘आ’ विसरला जातो, कारण इंग्रजीत त्याच्या जागी काहीच नाही. मराठीत ‘वाजता’ आहे.

चौथं: माझी गाडी येईपर्यंत पाच वाजतील. ‘ल ताँ क मों त्रें आरीव, इल सरा देझा सेंकर’. कामाचं पत्र आहे, तेव्हा पाचऐवजी आकड्यात १७ लिहिणं बरं.

पाचवं: वेळेच्या फरकाने माझा नेहमी गोंधळ होतो. ‘आवेक ल देकालाझ ओरेर, झ मी पेर तूझूर’. हा गोंधळ खराही आहे: हिवाळ्यात फ्रान्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळी वेळेत साडेतीन. बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, म्हणून त्या आठवड्यांत भेट ठरवताना दोन्हीकडची ‘अर’ लिहून टाका.

पत्र लिहिणारी बाई असेल तर पहिल्या वाक्यातल्या ‘वन्यू’ला शेवटी एक ई जोडायचा. ऐकू येत नाही, पण लिहावा लागतो.